वर्गातलं पदार्थविज्ञान

पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक दिवसभर काय करतो, यावर बोलायला मला सांगितलंय. तास घेतो, प्रात्यक्षिकं घेतो, पेपर तपासतो आणि उरलेल्या वेळात संशोधन करतो, असं साधारणपणे समजलं जातं. यातलं ‘उरलेल्या वेळात’ मला पटत नाही. माझ्या अनुभवात विषयाचा सगळ्यात कसून विचार तासाच्या तयारीत आणि प्रत्यक्ष तासातच होतो.

एक प्रयोग सांगतो. तांब्याची मीटरभर लांबीची नळी उभी धरायची. निओडिमियमचं ताकदवान चुंबक आधी नळीला बाहेरून लावून दाखवायचं. ते चिकटत नाही, हे विद्यार्थी स्वतः हात लावून बघतात. मग तेच चुंबक वरून आत सोडायचं. पितळेचा तेवढाच तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो, पण चुंबक सावकाश उतरत राहतं. वरून नळीत डोकावलं तर उतरताना दिसतं.

चुंबक सरकलं की नळीच्या भिंतीतलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं तसे तिथे विद्युतप्रवाह निर्माण होतात. लेन्झच्या नियमानुसार ते चुंबकाच्या गतीला विरोध करतात. वेग वाढेल तसा विरोधही वाढतो, आणि तो वजनाइतका झाला की वेग स्थिरावतो. पडताना मिळालेली ऊर्जा तांबं तापवण्यात जाते. इथपर्यंतचं सगळं पुस्तकात आहे.

खरी मजा पुढे असते. कुणीतरी विचारतं, “सर, नळीला उभी चीर पाडली तर? प्रवाह नळीभोवती गोल फिरतो ना? मग चिरेपाशी तो तुटेल आणि चुंबक सरळ पडेल.” प्रश्न बिनतोड आहे. मी लगेच उत्तर देत नाही. चीर पाडलेली नळी कपाटात ठेवलेलीच असते, ती काढून त्याच विद्यार्थ्याच्या हातात देतो. चुंबक आधीपेक्षा लवकर येतं, पण मोकळं पडत नाही! कारण चुंबकाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे प्रवाह एकमेकांच्या उलट दिशांनी फिरत असतात. चीर आडवी आली की ते तिच्या कडेनं एकमेकांना जाऊन मिळतात आणि भिंतीतल्या भिंतीत वळसा पूर्ण करतात. मग दुसरी मुलगी विचारते, “नळीला रोधच, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळाच, नसेल तर?” तसं असेल तर ऊर्जेला उष्णतेत जायचा मार्गच उरत नाही, त्यामुळे स्थिर वेगानं उतरणंच शक्य नाही. म्हणजे चुंबक संथ उतरतं ते प्रवाह आहे म्हणून, आणि उतरत राहतं ते रोध आहे म्हणून. हे वाक्य मला या प्रश्नामुळे सापडलं.

माझा दुसरा ओढा विषयाच्या इतिहासाकडे आहे, आणि त्याचंही कारण हेच: शिकवता शिकवताच विषयाचा कसून विचार होतो. डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडला विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना दिसली ती 1820 मध्ये, व्याख्यान देत असताना. सुई इतकी थोडी हलली की श्रोत्यांवर फारशी छाप पडली नाही. त्यानं मात्र पुढे जुलैमध्ये ताकदीच्या बॅटरीनं प्रयोग पुन्हा केले आणि वीज व चुंबकत्व यांचं नातं जगासमोर मांडलं.

सत्येंद्रनाथ बोस यांचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. ढाका विद्यापीठात शिकवताना, तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडतो हे सांगणाऱ्या प्लांकच्या नियमाची प्रचलित सिद्धता त्यांना खटकत होती. तिचा एक भाग क्वांटमचा, म्हणजे ऊर्जा ठरावीक पुडक्यांतच येते असं मानणारा, तर दुसरा जुन्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून उसना घेतलेला. परीक्षेपुरतं तेवढं चाललंही असतं. बोसांनी ते चालवून घेतलं नाही. प्रकाशाचे कण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत अशा पद्धतीनं त्यांनी मोजणी केली आणि संपूर्ण सूत्र क्वांटमच्याच आधारे मिळवलं. 1924 च्या जूनमध्ये त्यांनी तो निबंध आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापून आणला. आजही तो विषय शिकवायच्या आधी मी ती मोजणी कागदावर पहिल्यापासून करतो.

बैठका आणि अहवालांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. प्रयोगशाळेबद्दल मात्र सांगायलाच हवं. किरणोत्सर्गाच्या प्रयोगात विद्यार्थी गायगर काउंटर (किरण टिपला की ठोका देणारं यंत्र) लावून ठरावीक वेळातले ठोके मोजतात. एकदा 96 येतात, पुढच्या खेपेला 108, मग 91. “यंत्र बिघडलंय का?” हा प्रश्न हमखास येतो. बिघडलेलं नसतं. सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुकाल, म्हणजे त्यातली निम्मी अणुकेंद्रं फुटायला लागणारा वेळ, सुमारे 30 वर्षं आहे, पण त्यातलं एखादं अणुकेंद्र आत्ता फुटेल की शंभर वर्षांनी, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे 100 ठोके मोजले की अनिश्चितता त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे 10 ठोक्यांची, अर्थात 10 टक्के राहते. ती 1 टक्क्यावर आणायची तर 10,000 ठोके हवेत, म्हणजे शंभरपट वेळ. कंटाळवाणं वाटतं ना? पण हाती आलेली वाचनं खरंच वर्गमुळाच्या हिशेबानं पसरलीत का, हे आलेख काढून स्वतः तपासायला सांगितलं, की तास संपल्यावरही विद्यार्थी काउंटरपाशी थांबून आणखी वाचनं घेत राहतात. मी त्यांना थांबवत नाही. प्रयोगशाळा बंद करायला उशीर होतो एवढंच.