एम.ए. इंग्रजी आणि स्वतःचे पान

मित्रहो, इंग्रजी साहित्यात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याकडून आपण दोन वर्षांत पुष्कळ वाचून घेतो, पण स्वतःचे म्हणता येईल असे एक पानही लिहून घेत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यावरचा उपाय सांगेन असे मी आयोजकांना कबूल केले आहे; त्याआधी एक प्रसंग सांगतो.

एका विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. प्रश्न इंग्रजी कवी कीट्सच्या ‘टू ऑटम’ या शरद ऋतूवरच्या कवितेवर होता. १८१९ च्या सप्टेंबरात विंचेस्टरजवळ फिरून आल्यावर त्याने ही कविता लिहिली आणि मित्राला पत्रात कळवले, की वसंतातल्या गारठलेल्या हिरव्या रंगापेक्षा कापणीनंतरची धसकटांची शेते आपल्याला उबदार वाटतात. गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरांची सुरुवात मात्र एकाच गाइडमधल्या एकाच वाक्याने झाली होती. मुलांना मी दोष देत नाही; तेच ते प्रश्न वर्षाआड फिरवून विचारले तर उत्तरेही तीच येणार. त्यातल्या एका विद्यार्थ्याने, क्रियापदांचे काळ चुकवत का होईना, लिहिले होते, की खरिपाची ज्वारी कापल्यावर धसकटांवर मावळतीचे ऊन पडले की ती खरोखरच तांबूस दिसतात, पण अनवाणी गेले तर पाय सोलून निघतात. कवी बांधावरून पाहतो, म्हणून त्याला रंग तेवढा दिसतो. याला मी समीक्षा म्हणतो. मी भरघोस गुण दिले. मॉडरेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्या परीक्षकाच्या फेरतपासणीत, ते कापले गेले, कारण आदर्श उत्तरात हा मुद्दा नव्हता. त्या निर्णयाचा राग मला आजही येतो. पुढे ‘नेट’ द्यायची तर तिथे दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्न. म्हणजे प्राध्यापक होण्याच्या पात्रतेसाठीही सलग परिच्छेद लिहावा लागत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखनाची कार्यशाळा सुरू केली, इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लियाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचे एम.ए. आणले. आपल्याकडे विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी आणि गौरी देशपांडे या तिघांनीही वर्गात इंग्रजी शिकवले आणि मराठीला मोठे लेखन दिले. विंदांनी तर ‘किंग लिअर’ही मराठीत आणले. ही परंपरा घरातच असताना आपल्या एम.ए.च्या वर्गाने तिचा उपयोग का करू नये?

माझी मागणी एवढीच आहे: चारही सत्रांत लेखनाची एकेक प्रश्नपत्रिका असावी, ती तीन तासांच्या परीक्षेत न उरकता सत्रभर चालावी, कच्चे खर्डे आणि त्यांवरच्या दुरुस्त्याही तपासल्या जाव्यात, आणि विद्यार्थ्याला इंग्रजी, मराठी किंवा दोहोंमधला अनुवाद यांतून निवड करू द्यावी. वीस-बावीस जणांच्या वर्गात एका शिक्षकाला हे जमते. मोठ्या वर्गांसाठी मात्र रिक्त पदे भरावी लागतील, आणि तसा ठराव आजच्या या सभेने करावा अशी माझी विनंती आहे.