सव्हॅना : गाड्या खाली, चौक वर

(दृश्य : महामार्ग, दुतर्फा पाइनची झाडं)

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाहून सव्हॅना शहर गाडीने साधारण चार तास. रस्ता सरळ आणि, खरं सांगायचं तर, कंटाळवाणा. बरीच मंडळी इथे जेवणापुरती थांबतात आणि फ्लोरिडाच्या वाटेला लागतात. त्यांनी निदान गाडी लावतो ती जागा तरी नीट बघावी.

(दृश्य : एलिस स्क्वेअर)

गाडी खाली तळघरात. वर कारंजी आणि त्यात भिजणारी पोरं. १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्पने शहर वसवलं ते असंच : मधे मोकळा चौक, भोवती घरं. वस्ती वाढली तसे चौक वाढत २४ झाले. या चौकात मंडई होती. १९५४ मध्ये ती पाडून गाड्यांसाठी बहुमजली इमारत उभी राहिली. लोक चिडले. पुढच्या वर्षी डेव्हनपोर्ट हाउस या जुन्या घरावर पाडलं जायची पाळी आली, तेव्हा सात बायकांनी पदर खोचला, पैसे जमवले आणि घर विकत घेऊन वाचवलं. आज सव्हॅनात जे जुनं दिसतं, त्यातलं पुष्कळसं त्या हट्टातून सुरू झालेल्या कामामुळे. ती पार्किंगची इमारतही शेवटी पडली. २०१० मध्ये चौक पुन्हा खुला झाला.

(दृश्य : फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च, तळघर)

थोडं पश्चिमेला हे चर्च. दिवसभर मालकाकडे राबून, रात्री गुलामांनीच ते बांधलं, असं इथली मंडळी सांगतात. तळघराच्या लाकडी जमिनीत बारीक भोकं आहेत, शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेली. वरून नक्षीच वाटते. खाली पळालेले गुलाम लपायचे आणि हवा या भोकांतून यायची, असं सांगतात.

चर्च पुरं झालं १८५९ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये, शहराबाहेरच्या रेसकोर्सवर, दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसं लिलावात विकली गेली. मालक एकच. आणि जॉर्जिया वसली तेव्हा सुरुवातीची काही वर्षं इथे गुलामगिरीला चक्क बंदी होती! १७५१ मध्ये ती उठवली.

(दृश्य : मॅडिसन स्क्वेअर, ग्रीन-मेल्ड्रिम हाउस)

डिसेंबर १८६४. अमेरिकेचं यादवी युद्ध. उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने शहर घेतलं, जाळलं नाही, आणि लिंकनना तार केली : नाताळची भेट म्हणून सव्हॅना स्वीकारा. हा किस्सा गाइड रंगवून सांगतात. याच घरातली पुढची गोष्ट मात्र सहसा घाईत उरकतात.

१२ जानेवारी १८६५. शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांच्यासमोर २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशक बसले. बोलले गॅरिसन फ्रेझियर, वय ६७. एक हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःची आणि बायकोची सुटका विकत घेतली होती. तुम्हाला काय हवं, या प्रश्नावर त्यांचं म्हणणं सरळ होतं : जमीन द्या, आम्ही कसून खाऊ.

चारच दिवसांत शर्मनचा हुकूम निघाला. किनारपट्टीची जमीन, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. लोकांनी नांगर धरले, पेरणी केली. एप्रिलमध्ये लिंकन मारले गेले. नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष सरायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली.