हात वर करणाऱ्याच्या शेजारी बसताना

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'रोलर कोस्टरवर हात वर करण्याचे धोके'. मी सुचवला होता 'हात वर करणाऱ्याच्या शेजारी बसण्याचे धोके'. संयोजक म्हणाले, लांबतंय. असो. पाच धोके सांगायचं कबूल केलंय आणि ते मी सांगणार आहे. आधी मात्र चष्म्याची गोष्ट, कारण ती घडली नसती तर मी या विषयाच्या वाटेलाही गेलो नसतो.

त्याआधी एक करा. रोलर कोस्टरवर ज्यांनी कधी हात वर केलेत, त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत की! आणि बघा, तिसऱ्या रांगेतल्या काकांचा हात वर जाताच शेजारच्या बाई डावीकडे झुकल्या. काकांना पत्ता नाही. माझं निम्मं व्याख्यान इथेच झालं.

तर, आमचे मेहुणे. बायकोचे थोरले भाऊ. वयाने, वजनाने आणि अधिकाराने मोठे. आम्ही दोघं एका डब्यात शेजारी शेजारी. मांडीवर लोखंडी दांडा आलेला आणि मी तो दोन्ही हातांनी असा धरलेला, की नंतर तळव्यांवर त्याचे वळ होते. गाडी साखळीवरून चढायला लागली. तो 'कट्‌ कट्‌ कट्‌' आवाज तुम्ही ऐकलाय ना? माणसं त्याला घाबरतात, पण खरं तर तो धीराचा आवाज आहे. गाडीखालचा खटका रुळामधल्या दात्यांवरून पडत जातो, साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून. मी मेहुण्यांना हे समजावून सांगत होतो. ते म्हणाले, "अहो जावईबापू, दांडा काय कवटाळून बसलात? हात सोडा!" आणि स्वतःचे दोन्ही हात आकाशात.

माथ्यावर सगळं ठीक होतं. उतार लागला, बूड आसनावरून सुटलं, पोटात गोळा आला. या सेकंदा-दोन सेकंदांत हाताला वजन नसतं. तो वर करावाही लागत नाही, आपोआप तरंगतो. मेहुणे आनंदाने ओरडत होते. मग खोलगट भाग आला, आणि लगेच वळण.

इथे थोडा हिशेब. 70 किलोच्या माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, साधारण साडेतीन किलोचा असतो. खोलगट भागात गाडी वर वळते तेव्हा काही राइड्सवर अंगावर 4 जी इतका भार येतो, म्हणजे वजन चौपट. साडेतीनचे झाले 14 किलो. कुणीतरी तुमच्या हातात अचानक सामानाची भरलेली बॅग दिली आणि म्हणालं, डोक्यावर धरा. धराल? हात खाली येणारच. आणि मेहुणे काही 70 किलोचे नव्हेत.

त्यांचं कोपर माझ्या नाकाच्या बरोबर बेचक्यात आलं. चष्मा उडाला. मी आयुष्यात पहिल्यांदा रोलर कोस्टर निम्मा धूसर पाहिला. खाली उतरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: "तुम्ही मध्ये आलात." मी कुठे येणार हो मध्ये? मला दांड्याने खिळून ठेवलं होतं!

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. चष्मा कुंपणापलीकडे गवतात चमकत होता. मेहुण्यांना अपराधी वाटलं असावं, ते कुंपणावर पाय टाकू लागले. तिथल्या पोराने शिट्टी मारून त्यांना अक्षरशः ओढून काढलं. तेव्हा मला ते पोर आगाऊ वाटलं. नंतर वाचलं, की 2015 साली अमेरिकेत, ओहायोतल्या एका उद्यानात, एक माणूस राइडवर पडलेला फोन आणायला असाच बंदिस्त जागेत शिरला आणि धावत्या गाडीच्या धडकेने गेला. ते वाचल्यापासून मी त्या पोराला मनातल्या मनात रोज सलाम करतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला खरी भीती खांबांची आहे. वरून तुळई येते, वाटतं पंजा गेलाच. प्रत्येक राइडची एक दंतकथा असते, की कुणीतरी उंच माणसाने हात वर केले आणि... सांगणाऱ्याने तो माणूस पाहिलेला नसतो, त्याच्या मित्राच्या मित्राने पाहिलेला असतो. खरी गोष्ट अशी आहे, की बसलेल्या माणसाचा हात जिथे जिथे पोहोचू शकतो, ती सगळी जागा मोकळी ठेवूनच रूळ आखतात. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत या मोकळ्या जागेचा नियमच आहे. राइड सुरू करण्याआधी डब्यावर हातांच्या टप्प्याहून मोठा सांगाडा बसवतात आणि गाडी हळूहळू पूर्ण रुळावरून ओढतात. सांगाडा कुठे घासला तर खांब हलवायचा. तुळई 'आत्ता लागणार' असं वाटतं, कारण तिथे ती तशी मुद्दाम दिसू देतात. घाबरायचे पैसे दिलेत ना!

पण मग 'हात आत ठेवा' असा बोर्ड का? तो लावला की उद्यानवाल्यांनाही हात वर करायला मोकळीक! हसू नका, माझी खरी तक्रार हीच आहे. जे धोक्याचं आहे आणि जे नाही, ते एकाच बोर्डावर एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलं की माणूस काहीच वाचत नाही.

मुळात 1884 साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या माणसाची पहिली रोलर कोस्टर गाडी सुरू झाली, तिचा वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास. माणसं बाकावर बाजूला तोंड करून बसून देखावा बघत जात. तिथे हात वर केले काय आणि टोपी उंचावली काय! 1919 मध्ये जॉन मिलर या रोलर कोस्टर बांधणाऱ्याने रुळाच्या खालूनही चाक बसवायचं पेटंट घेतलं, तेव्हा गाडी रुळावरून उचलली जायची भीती गेली आणि उतार बेफाम झाले. सगळ्याचं मूळ मात्र रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. गंमत बघा, फ्रेंच आणि स्पॅनिश लोक रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात आणि रशियन लोक म्हणतात 'अमेरिकन टेकड्या'. इथेही कुणी जबाबदारी घ्यायला तयार नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं. पाच धोके ना? एक तर कोपराने खाल्ला.

हातात वस्तू, हा माझ्या मते सगळ्यात वाईट. रिकामा हात वर गेला तर फार तर शेजारी चिडतो. हातात फोन असेल आणि तो ताशी 100 किलोमीटरला सुटला, तर मागच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडावर दगड भिरकावल्यासारखंच आहे. कडी, सैल घड्याळं यांनाही हेच लागू.

खांदा. हात वर आणि बाहेरच्या बाजूला वळलेला, ही खांदा निखळायला सगळ्यात सोयीची अवस्था. ज्यांचा एकदा निखळलाय, त्यांनी दांडाच धरावा, मेहुणे काहीही म्हणोत.

मघाचा तो मोकळी जागा तपासायचा सांगाडा दांड्याखाली नीट बसलेल्या माणसासाठी असतो. अर्धवट उठलात, दांड्यातून कंबर वर काढलीत किंवा पान तोडायला बाहेर वाकलात, की त्या मोकळ्या जागेची हमी संपली. ताशी 100 म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. हात आत घ्यायला पाव सेकंद लागला तरी तेवढ्यात सात मीटर मागे पडले.

शेवटचा ब्रेक. सगळे हात वर ठेवून हसत असतात, गाडी करकचते आणि माणूस पुढे फेकला जातो. तिथे दांडा धरा. मानेसाठी, बाकी कशासाठी नाही. आणि पाण्याच्या घसरगुंडीवर हा सगळा हिशेब उलटा. तिथे पट्टा नाही, दांडा नाही, हात छातीवर घडी घालूनच जायचं, नाहीतर कोपर भिंतीला घासतं. हे किती झाले? सहा? एक फुकट.

हो, त्या उतारावर कॅमेरा असतो आणि बाहेर पडताना फोटो विकतात. हात वर करायचं अर्धं कारण तोच. आमचाही निघाला. मेहुणे दोन्ही हात वर करून, तोंड उघडं. मी दांडा धरून, डोळे मिटून, आणि चष्मा अजून नाकावर. त्याचा हा शेवटचा फोटो. पाकिटात आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी नंतर स्टेजजवळ या.