पेशी चिकटते तेव्हा

सिकलसेल म्हटलं की आपल्याकडे शाळेतलं पोरगंही विळ्यासारखी पेशी काढून दाखवतं. आरमोरी, कुरखेडा, कोरची, धानोरा या गडचिरोलीच्या पट्ट्यात आजार समजावून सांगावा लागत नाही. समोर बसलेल्या कित्येकांच्या घरी कुणी एएस, म्हणजे नुसता वाहक आहे, कुणी एसएस, म्हणजे आजारी. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच दोष असल्याचं दाखवलं. पुढे इन्ग्रॅम यांनी त्यातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं हे शोधलं. पुस्तक तिथं थांबतं, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. आकार हा अर्धाच आजार आहे. रात्री लेकरू मांड्या धरून ओरडतं, कारण त्या लाल पेशी आणि त्यांच्यासोबत पांढऱ्या पेशीही रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून वाट अडवतात. आज बोलायचं आहे ते या चिकटण्यावर.

ही बघा कुपी. मागच्या रांगेला काही दिसणार नाही, पुढच्यांनाही फारसं नाही. तळाशी पांढरट पापुद्रा आहे, ते या चिकटण्यातलं एक प्रथिन, ५० मायक्रोग्रॅम. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची. नाहीतर भुकटी झाकणाला लागलेली असते आणि बूच काढताच जाते. नाव आहे पी-सिलेक्टिन, उंदराचं, रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या पेशींत घालून करवून घेतलेलं.

ही मागवली तेव्हाचं ऐका, कारण त्यात अर्धा धडा आहे. पार्सल एका कार्यालयात अडकलं. कागदावर ‘माऊस’ लिहिलेलं. तिथले साहेब म्हणाले, उंदीर कुठं मारला त्याची परवानगी आणा. मी म्हटलं, साहेब, यात उंदीर नाहीच. ते म्हणाले, मग कागद खोटा आहे का, मॅडम? (हशा) हसताय, पण पत्रामागून पत्रं गेली. एकदा तर पिंजऱ्याचा पत्ता मागितला. ज्या मुलीच्या प्रकल्पासाठी हे मागवलं होतं ती हुशार पोरगी, भाऊ एसएस, म्हणून तिनं हा विषय हट्टानं घेतलेला. सत्र संपत आलं तेव्हा तिला दुसरा विषय घेऊन पदवी पुरी करावी लागली. याचं मला आजही वाईट वाटतं. शहरातल्या मोठ्या संस्थेत कुणी फोन करतं आणि पार्सल सुटतं. आपल्याकडे फोन करणार कोण?

तर साहेबांना द्यायचं उत्तर तुम्हाला देते. उंदराचं आहे ते फक्त जनुक. ते माणसाच्या पेशींत घालतात. १९७३ पासून प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या एचईके २९३ पेशी यासाठी पुष्कळ वापरतात. त्या पेशी प्रथिन तयार करून भोवतालच्या द्रवात सोडतात. पेशीच्या आवरणात रुतणारा भाग आधीच वगळलेला असतो, म्हणून ते विरघळतं. टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी जोडली की निकेलच्या स्तंभावर धरून वेगळं करता येतं. जीवाणूंकडून का करवून घेत नाहीत? इन्शुलिन करतात, १९८२ पासून ते औषध म्हणून मिळतं. पण या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या असतात, आणि नेहमीच्या वापरातल्या जीवाणूंना त्या तशा जोडता येत नाहीत.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मुख्य मुद्दा अजून बाकी आहे, आता भराभर सांगते.

पी-सिलेक्टिन रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींत आणि बिंबाणूंत (प्लेटलेट्समध्ये) साठवलेलं असतं. इजा झाली, दाह झाला की मिनिटांत पृष्ठभागावर येतं, आणि बांधावरून जाताना धोतराला कुसळं लागावीत तसं जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना पकडतं. १९९३ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार झाले. पुढे सिकलसेल झालेल्या उंदरांत पी आणि त्याचंच भावंड ई ही दोन्ही सिलेक्टिनं काढून टाकली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रक्तवाहिन्या तुंबण्यापासून त्यांचा बचाव झाला. म्हणून उंदराचं प्रथिन लागतं. माणसाचं प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) उंदराचं ओळखेलच असं नाही, त्यामुळे उंदरावरच्या प्रयोगाला त्याचंच प्रथिन जुळवून घ्यावं लागतं.

याच धाग्यावरून पी-सिलेक्टिनला अडवणारं क्रिझॅनलिझुमॅब हे औषध आलं, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र नुसत्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ डोसापेक्षा, ते सरस ठरलं नाही, आणि युरोपनं २०२३ मध्ये मंजुरी काढून घेतली. म्हणजे कोण कुणाला चिकटतं हा प्रश्न अजून उघडाच आहे. चिकटवणारी आणखी प्रथिनं आहेत, व्हीकॅम-१ आहे, इंटिग्रिन आहेत. (सिकलसेलवरचं हायड्रॉक्सियुरिया चालू असेल त्यांनी हे ऐकून गोळी बंद करू नका, ती उपयोगाची आहे.)

रुग्ण इथं आहेत, तर काम इथंही व्हावं. प्लेटच्या खळग्यांत प्रथिनाचा थर द्यायचा, पेशी सोडायच्या, धुवायच्या, उरलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. शेजारच्या खळग्यात ईडीटीए हे रसायन घालायचं. सिलेक्टिनला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते काढून घेतं, तेव्हा तिथल्या पेशी सुटल्याच पाहिजेत. सुटल्या नाहीत तर ते चिकटणं पी-सिलेक्टिनचं नाही, आणि तो आकडा वहीत धरायचा नाही.

विचारा आता. आधी मागच्या रांगेतल्या मुली.