कीटनचा पाहुणा

मूकपटांच्या काळातला विनोदवीर बस्टर कीटन याच्या सिनेमांपैकी तुमचा सर्वांत आवडता कोणता, असं विचारलं की जाणकार मंडळी ‘द जनरल’ म्हणतात. जळक्या पुलासकट आगगाडीचं खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं, त्या दृश्यापुढे वाद घालायची माझीही टाप नाही. तंत्रावर जीव असणारे ‘शेरलॉक ज्युनियर’चं नाव घेतात. तेही बरोबरच. पण माझं मत 1923 सालच्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ला, आणि ते का, एवढंच आज सांगतो.

त्याच वर्षी आलेला ‘थ्री एजेस’ हा कीटननं स्वतः बनवलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. तो फसलाच तर त्याचे तीन वेगळे छोटे सिनेमे करता येतील, अशा बेतानं रचलेला होता. म्हणजे पळवाट राखलेली. ‘अवर हॉस्पिटॅलिटी’त तशी सोय नाही. यातला कुठलाही तुकडा काढा, पुढचा विनोद लंगडा पडतो.

सुरुवातीची काही मिनिटं तर हसूच येत नाही. साल 1810, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं एक गाव, वादळी रात्र. कॅनफील्ड आणि मॅके या घराण्यांचं पिढीजात वैर. दोन्ही घराण्यांतला एकेक पुरुष समोरासमोर गोळ्या झाडतो आणि दोघेही मरतात. विनोदी सिनेमाची ही काय सुरुवात, असं वाटेल. पण इथे बंदूक खरी आहे हे एकदा मनात ठसलं की पुढे ती नुसती दिसली तरी पुरते.

मॅकेचं तान्हं पोर विली न्यूयॉर्कला नात्यात वाढतं. मोठेपणी वडिलार्जित मिळकतीचा ताबा घ्यायला तो आगगाडीनं निघतो. तिचं इंजिन म्हणजे स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ या अगदी सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती. रूळ दगडधोंड्यांवरून, आडव्या पडलेल्या झाडावरून तसेच घातलेले. वाटेत गाढव उभं राहतं आणि हलत नाही. मग गाढवाऐवजी रूळच सरकवतात. एक बेरकी माणूस गाडीवर दगड मारतो. ड्रायव्हर चिडून जळणाची लाकडं फेकतो आणि हा पठ्ठ्या ती गोळा करून घरी नेतो. विलीचा कुत्रा गाडीबरोबर चालत चालत मुक्कामाला पोहोचतो! घाई कशालाच नाही. इंजिनवाला म्हणून दिसतात ते कीटनचे वडील, सुरुवातीचं बाळ त्याचा मुलगा आणि नायिका नॅटली टॅलमज ही त्याची बायको.

तर गाडीत ओळख झालेली ही मुलगी विलीला घरी जेवायला बोलावते. ती निघते कॅनफील्डची. आता खरी मौज. बाप आपल्या मुलांना बजावतो, आपल्या छपराखाली पाहुण्याला मारायचं नाही. उंबऱ्याबाहेर पडला की मात्र गोळी घालायला मोकळे. विलीच्या कानावर हे पडतं आणि तो मुक्काम ठोकायचं ठरवतो.

आपल्याकडे न हलणाऱ्या पाहुण्याचे किस्से घरोघरी असतात. त्यात पाहुणा चिकट आणि यजमान बिचारा. इथे पाहुणा हलला तर मरेल आणि यजमान तोंडभर हसत त्याच्या निघण्याची वाट बघतोय. जेवणाआधी प्रार्थना चालू असताना सगळे मान खाली घालून एकमेकांकडे चोरून बघतात, तो प्रसंग नीट बघा. कुणी धडपडत नाही, कुणी धावत नाही. एक साधा घरगुती शिष्टाचार, आणि त्यावर एका माणसाचा जीव टांगलेला. कीटनचा तो न हसणारा चेहरा मला इतर सिनेमांत कधी कधी नुसत्या क्लृप्तीसारखा वाटतो. इथे त्याला कारण आहे: सभ्यपणे वागण्याखेरीज त्याच्याकडे दुसरा उपायच नाही.

शेवटी नदी आणि धबधबा येतो. दोराला लोंबकळत झोका घेऊन तो कड्यावरून कोसळणाऱ्या नायिकेला हवेत पकडतो. धबधबा बांधलेला होता, पकडली ती बाहुली होती. पण झोका घेणारा कीटनच. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या ट्रकी नदीत चित्रीकरण करताना त्याला धरून ठेवणारी तार तुटली आणि तो वाहत गेला, जेमतेम वाचला. एवढं सोसूनही पडद्यावर तो मर्दुमकी मिरवत नाही, हे मला फार आवडतं.

उणीवही सांगतो. नॅटलीला काम फारसं जमलेलं नाही, आणि नायिकेला स्वतःचं असं काही करायलाही दिलेलं नाही. ‘द जनरल’ची नायिका वेंधळी असली तरी तिथे तिच्या वेंधळेपणातून विनोद तरी घडतो. या एका बाबतीत ‘द जनरल’वाल्यांची बाजू भक्कम आहे, आणि ते हा मुद्दा काढतीलच. काढू देत. जेवणाच्या टेबलावरची ती प्रार्थना त्यांच्या आगगाडीत नाही.