लांब, कोरडे केस झोपेत का तुटतात? रात्रीची वेणी नीट कशी घालायची

(दोन केस बोटांत धरून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

नमस्कार. हे दोन केस बघा. दोन्ही आज सकाळी माझ्या उशीवर सापडले. काल रात्री प्रवासातून दमून आले आणि केस मोकळे टाकूनच झोपले, त्याचा हा हिशेब.

हा पहिला. चांगला लांब आहे आणि ह्याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे, दिसतोय? ते त्याचं मूळ. ह्याचं आयुष्य संपलं आणि तो गळला. असे 50 ते 100 केस रोज गळतात, सगळ्यांचेच. त्याची भीती बाळगू नका. हा दुसरा मात्र जेमतेम बोटभर आहे. मूळ नाही, ठिपका नाही. हा गळलेला नाही, तुटलेला आहे. आज मी ह्या दुसऱ्या केसाबद्दल बोलणार आहे.

उद्या सकाळी तुम्हीही उशी झटकायच्या आधी एकदा बघा. मुळासकट लांब केस मूठमूठ निघत असतील, तर वेणी घालून किंवा अभ्रा बदलून ते थांबणार नाही. रक्तातलं लोह कमी असेल, थायरॉइड असेल, मोठं आजारपण होऊन गेलं असेल, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा. पण बोटभर तुकडे जास्त दिसत असतील, तर रात्री केस कसे ठेवता ते बघायला हवं.

(वेणी पुढे घेऊन, शेंडा दाखवत)

माझे केस 75 सेंटिमीटर आहेत. केस वर्षाला साधारण 15 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हा जो शेंडा माझ्या हातात आहे, तो 5 वर्षांचा आहे. 1800 रात्री तो माझ्याबरोबर झोपलाय! टाळूजवळचा केस काल-परवाचा, कोवळा. शेंडा म्हातारा. आणि आपण दोघांना एकाच मापाने वागवतो.

केसावर बाहेरून बारीक खवले असतात, कौलारू घरावर कौलं असतात तसे, एकावर एक चढलेले. उतार मुळाकडून शेंड्याकडे. एक केस चिमटीत ताणून धरा आणि वरून खाली बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. खालून वर फिरवा, किंचित खरखर लागेल. ती ह्या कौलांची कड. आपण रात्रभर कूस बदलतो तेव्हा उशी केसावर दोन्ही दिशांनी घासते. कौलं उचकटतात, निघतात, आणि आतले धागे उघडे पडले की फाटे फुटतात. त्यात टाळूचं नैसर्गिक तेल एवढ्या लांब शेंड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून लांब केस खाली कोरडे असतात, आणि कोरडा केस जास्त घासला जातो.

एक गोष्ट मनापासून सांगते. केस जिवंत नसतो. त्वचेवरची जखम भरते, केसाची भरत नाही. महागातलं सीरम लावलं तर वरून लेप बसतो, मऊ वाटतं, पण फुटलेला फाटा कायमचा सांधला जात नाही. तो कापायचाच. त्यामुळे आपल्या हातात जे आहे ते एवढंच, की रोज रात्रीचं घासणं कमी करायचं. ह्याला पैसे फार लागत नाहीत, म्हणून तर मला हे सगळ्यांपर्यंत पोचवायचंय.

सगळ्यात आधी, ओल्या केसांनी झोपू नका. हे मी अनुभवाने सांगतेय. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी रात्री दहाला घरी पोचायचे, मग न्हायचे, ओल्या केसांचा अंबाडा घालायचे आणि झोपायचे. वर्षभरात मानेवर तुटक्या केसांची झालर आली, नेमकी अंबाड्याखाली. पाण्याने केस फुगतो, आतले काही बंध सुटतात, तो रबरासारखा ताणला जातो आणि कोरड्या केसापेक्षा लवकर तुटतो. तशात त्याला पीळ घालून वर डोक्याचं वजन टाकायचं, म्हणजे काय होणार? आता मी रविवारी सकाळी न्हाते. पावसाळ्यात केस चार-चार तास वाळत नाहीत, हे मला माहीत आहे. पंचाने फटके मारून झटकू नका, जुन्या सुती टीशर्टात गुंडाळून पाणी टिपून घ्या, मग पंख्याखाली बसा. अगदीच रात्र झाली, तर ड्रायरची गार हवा चालेल. ओलं झोपण्यापेक्षा ते बरं.

मग गुंता सोडवायचा. आमच्याकडे आजी म्हणायची, तिन्हीसांजेला केस विंचरू नये. तिचा नियम होता की दुपारीच तेल-फणी उरकून घट्ट वेणी घालायची, आणि त्याच वेणीवर रात्री झोपायचं. मोकळे केस घेऊन झोपलेलं तिला मुळीच चालायचं नाही. कारण ती काहीही सांगो, तिचे केस सत्तरीतही कमरेखाली होते. तिची एकच गोष्ट मी बदलली, घट्टपणा. विंचरायचं मात्र मी रात्रीच, झोपायच्या आधी. रुंद दातांचा कंगवा घ्या आणि शेंड्यापासून सुरुवात करा. खालची चार बोटं सुटली की थोडं वर, मग आणखी वर. वरून कंगवा ओढला की सगळा गुंता खाली जाऊन बसतो आणि शेंडे तुटतात.

(केस पुढे घेऊन वेणी घालायला लागते)

आता वेणी. साधी तिपेडी. ही मानेवरून सुरू करायची नाही, मानेच्या जरा खाली, खांद्याच्या रेषेत. नाहीतर झोपल्यावर गाठीवर डोकं येतं. पेड सैल ठेवा, हं, बघा, मधून बोट सहज जायला हवं. रोज घट्ट ओढून बांधलं तर कपाळावरचे आणि कानशिलावरचे केस मुळापासून विरळ होत जातात, आणि वर्षानुवर्षं तसं चाललं तर परत येत नाहीत.

आणि शेवटचा शेंडा मोकळा लोंबत ठेवू नका. शाळेत असताना आई रिबिनी लावून वेण्या दुमडून वर बांधायची, आठवतंय? तसंच. शेंडा आत दुमडायचा आणि मऊ कापडाच्या पट्टीने बांधायचा, किंवा साटीनची स्क्रंची. नुसतं रबर नको, ते रोज एकाच जागी केस कापतं. झोपताना वेणी पाठीखाली दाबू नका, उशीवरून वरच्या बाजूला टाका.

तेलाचं विचाराल. शेंड्यांना खोबरेल तेल लावा, आणि ह्याला नुसत्या परंपरेचा आधार नाही. 2003 साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून तपासलं. केसांतली प्रथिनं वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे लक्षात असू द्या. पण निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो. दोन-तीन थेंब तळहातावर चोळा आणि फक्त खालच्या भागाला लावा. कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल ठेवू नका, कोंडा करणारी बुरशी त्यावर पोसते. कपाळावर पुरळ येत असेल तरी तेच.

आता उशीचा अभ्रा. सुती कापड केसाला जास्त धरतं, रेशमावर किंवा साटीनवर तो सरकतो. साटीन ही विणण्याची पद्धत आहे, त्यामुळे पॉलिएस्टरचं स्वस्त साटीनही घासणं कमी करतं. ते गरम होतं एवढंच, मे महिन्यात मला नको वाटतं. माझा अभ्रा आईच्या विरलेल्या रेशमी साडीचा आहे. काठ आणि पदर बाजूला काढले, जरीची तार केसात अडकते म्हणून, आणि मधल्या साध्या भागाचे दोन अभ्रे झाले. खूप कुरळे केस असतील तर साटीनची टोपी किंवा रुमाल बांधा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया कित्येक पिढ्या हे करत आल्यात, आणि कुरळ्या, कोरड्या केसांचं त्यांच्याइतकं ज्ञान फार थोड्यांकडे आहे.

सगळं एका रात्रीत जमवू नका. आधी कोरडे केस आणि सैल वेणी, अभ्रा सवडीने.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीपाशी, हातात उशी)

सुप्रभात. वेणी सोडताना खालून वर, बोटांनी. कंगवा लगेच घालायचा नाही. आणि ही उशी बघा. लांब केस, ठिपक्याचे, चार. आणि हा बोटभर तुकडा. आज एकच.