सोऱ्या, शंभर डॉलर आणि मिशीवाला चोर

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका सोऱ्याची गोष्ट सांगते. तुमच्या घरात असतो तसाच, दाबला की खालून पट्टी सुटणारा. फक्त हा सोऱ्या अमेरिकेतला, टेक्सासमधल्या सान अंतोनियो गावातला. साल १९३२, मंदीचे दिवस. चार्ल्स एल्मर डूलिन नावाचा एक मिठाईवाला होता. आइस्क्रीमच्या धंद्यातून काही सुटत नव्हतं, म्हणून तो नवं काहीतरी शोधत होता. अशात त्याच्या हाती तळलेल्या मक्याच्या पट्ट्यांची पुडी आली. खारी, कुरकुरीत. हे करतं कोण? तर गुस्ताव्हो ओल्गीन नावाचा मेक्सिकन माणूस. उकडलेले बटाटे दाबायचं साधन असतं ना, त्यातच थोडा फेरफार करून त्यानं हा सोऱ्या बनवला होता. मक्याचं पीठ मळायचं, सोऱ्यातून पट्ट्या तेलात सोडायच्या, तळायच्या. दिवाळीच्या आधी घराघरांत जे चालतं, तेच.

जाता जाता एक सांगते. चकली पितळी सोऱ्याचीच. हातानं फिरवताना पीठ सैल झालंय की घट्ट, ते मनगटाला कळतं. यंत्राला ते कळत नाही. असो.

तर या ओल्गीनला मेक्सिकोला, आपल्या घरी परत जायचं होतं. त्यानं सगळं विकायला काढलं. कृती, तो सोऱ्या आणि माल घेणारी १९ दुकानं, सगळं मिळून शंभर डॉलर. डूलिनकडे तेवढेही नव्हते. सांगतात, की त्याच्या आईनं लग्नातली अंगठी गहाण टाकली. मंगळसूत्र मोडून धंदा उभा करणाऱ्या बायका आपल्याला नव्या नाहीत, त्यामुळे या माउलीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पट्ट्या तिच्याच स्वयंपाकघरात तळल्या जाऊ लागल्या. नाव पडलं फ्रिटोज. स्पॅनिशमध्ये फ्रितो म्हणजे तळलेलं. पदार्थ मेक्सिकन, कृती मेक्सिकन, नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं. हे लक्षात ठेवा श्रोतेहो, नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं.

आता पस्तीस वर्षं पुढे या. १९६७. डूलिन वारले होते, कंपनी अवाढव्य झाली होती. टीव्हीवर नवी जाहिरात आली. कार्टूनमधला एक बुटका माणूस, मोठी मिशी, वाढलेली दाढी, सोन्याचा दात, डोक्यावर भलीमोठी सोंब्रेरो टोपी, कमरेला पिस्तुलं. नाव फ्रिटो बँडिटो, म्हणजे दरोडेखोर. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मधूनमधून स्पॅनिश शब्द पेरत गाणं म्हणतो. काम काय, तर तुमच्या फ्रिटोजच्या पुड्या पळवायच्या. आवाज मेल ब्लँकचा, बग्ज बनीला आवाज देणारा तोच. आणि चाल कुठली उचलली? ‘सिएलितो लिंदो’ची. एकोणिसाव्या शतकातलं हे गाणं मेक्सिकन माणूस लग्नात म्हणतो, फुटबॉलच्या मैदानात म्हणतो, परक्या देशात घरची आठवण आली की म्हणतो.

ज्यांच्या माणसानं सोऱ्यासकट कृती दिली, शंभर डॉलरमध्ये दिली, त्यांचाच माणूस त्या पुडीचा चोर. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा पोटात कालवलं होतं. आजही सांगताना कालवतं.

पुड्यांबरोबर पोरांना या बँडिटोचं खोडरबर मिळायचं, पेन्सिलीच्या टोकावर बसवायचं. म्हणजे वर्गातल्या मेक्सिकन मुलाच्या शेजारच्या बाकावर तो मिशीवाला चोर दिवसभर डुलत असणार. “नुसती जाहिरात तर आहे,” असं म्हणणाऱ्यांनी त्या मुलाच्या जागी स्वतःला बसवून बघावं.

मेक्सिकन अमेरिकन लोक गप्प बसले नाहीत. बदनामीविरुद्ध समिती स्थापन झाली, कॅलिफोर्नियातल्या काही टीव्ही केंद्रांनी जाहिरात दाखवायला नकार दिला. कंपनीनं आधी काय करावं? सोन्याचा दात काढला आणि दाढी केली! चोर तसाच राहिला. तो गेला १९७१ मध्ये.

दात काढला की चित्र सुधारत नाही. पुन्हा सांगते, दात काढला की चित्र सुधारत नाही. आपल्याला हे कळायला हवं. हिंदी मालिकांत घरकाम करणारी बाई दिसली की ती हटकून मराठी ढंगाचं हिंदी बोलते, आणि गोव्याचा माणूस आला की त्याच्या हातात बाटली. आपण हसून सोडून देतो. मी सोडत नाही.

चोर गेला, पण साचे राहिले. अमेरिकेत २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेकडचे लोक, मोजले गेले. त्यात मेक्सिकन आले, पोर्तो रिकोचे आले, क्युबाचे आले. जाहिरातीत मात्र एकच घर: मोठं कुटुंब, आजी, उकळतं पातेलं, मागे गिटार. आजी प्रेमळ असते, चोर नसते, हे खरं. पण कोट्यवधी लोकांना एकाच स्वयंपाकघरात कोंबायचं कशासाठी?

आणि भाषांतराचं काय सांगू! कॅलिफोर्नियाच्या दूध मंडळाची ‘गॉट मिल्क?’, म्हणजे ‘दूध आहे ना?’, ही ओळ गाजली. ती शब्दशः स्पॅनिशमध्ये नेली, तर बाईला “तुम्हाला दूध येतंय का?” असं विचारल्यासारखी होते. अनिता सांतियागो या जाहिरातकर्तीनं मंडळाला समजावलं, की घरातलं दूध संपणं हा आमच्या लॅटिनो आयांना विनोद वाटत नाही. मग स्पॅनिश ओळ वेगळी लिहिली गेली, आयांनाच उद्देशून: “आणि तुम्ही, आज मुलांना पुरेसं दूध दिलंत का?” आपल्याकडच्या फलकांवरचं मराठी वाचताना मला या बाईंची फार आठवण येते. हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय चिकटवून आपल्या गळ्यात मारतात, आणि आपण पैसे मोजून माल घेतो.

दोन भाषा चांगल्या नांदवताही येतात. २००६ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, टोयोटाची एक जाहिरात लागली होती. गाडीत बाप आणि लहान मुलगा. मुलगा विचारतो, आपण हायब्रिड गाडी का घेतली? बाप म्हणतो, तुझ्या भविष्यासाठी. ती पेट्रोलवरही चालते, विजेवरही. मुलगा म्हणतो, म्हणजे तुमच्यासारखी, इंग्रजी आणि स्पॅनिश! मग विचारतो, बाबा, तुम्ही इंग्रजी का शिकलात?

बाप सांगतो, तुझ्या भविष्यासाठी.

बापाच्या डोक्यावर सोंब्रेरो नाही, मागे गिटार नाही. आपल्या पोराशी बोलत गाडी चालवणारा माणूस आहे. नमस्कार.